शीला चंद्रा : एकेक वाद्य खाली ठेवत गेलेली गायिका

धागाकर्ता : खर्ज

शीला चंद्रा हे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही आणि घेतलेच, तर एका गाण्यापुरते घेतले जाते. ते गाणे म्हणजे 'मॉन्सून' या त्रिकुटाचे 'एव्हर सो लोनली'. १९८२ साली ते ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत चढले, तेव्हा ते गाणारी मुलगी अवघी सतरा वर्षांची होती. त्यानंतर तिने जवळजवळ तीन दशके जे काम केले, ते त्या एका गाण्याच्या सावलीत राहून गेले. माझ्या मते तिचे मोठेपण त्या पुढच्या कामातच आहे, आणि ते दुर्लक्षित राहण्याचे कारणही त्या कामाच्या स्वरूपातच दडलेले आहे.

१९६५ च्या मार्चमध्ये लंडनमध्ये, दक्षिण भारतीय वंशाच्या कुटुंबात तिचा जन्म झाला. इटालिया कॉन्टी या नाट्यशिक्षण देणाऱ्या शाळेत ती शिकली आणि बीबीसीच्या 'ग्रेंज हिल' या शालेय मालिकेत १९७९ ते १९८१ या काळात तिने सुधामणी पटेल नावाच्या विद्यार्थिनीची भूमिका केली. म्हणजे गाणे गाजण्याआधीच तिचा चेहरा तिथल्या मुलांच्या ओळखीचा झालेला होता. स्टीव्ह को आणि मार्टिन स्मिथ या दोघा इंग्रजांबरोबर तिने 'मॉन्सून' सुरू केले. १९८१ मध्ये 'इंडिपॉप' या त्यांच्या छोट्या लेबलवर पहिली तबकडी निघाली, मग फोनोग्राम या बड्या कंपनीने त्यांना करारबद्ध केले आणि नव्याने ध्वनिमुद्रित झालेले 'एव्हर सो लोनली' घरोघरी पोचले.

हिला न्यू वेव्हची, म्हणजे पंकनंतर आलेल्या पॉपच्या लाटेची, गायिका म्हणावे का, असा प्रश्न येणारच, म्हणून तो आधीच उरकून घेतो. पंक संगीताचा भर ओसरल्यावर जी पिढी आली, तिला तीन कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वरगुच्छ) आणि आरडाओरडा यांच्या पलीकडचे काहीतरी हवे होते आणि ती चारही दिशांना हात पसरत होती. 'टॉकिंग हेड्स'ने १९८० च्या 'रिमेन इन लाइट'मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या लयींकडे पाहिले. 'ॲडम अँड द अँट्स' आणि 'बाउ वाउ वाउ' या मंडळींनी आफ्रिकेतल्या बुरुंडीच्या ढोलांची चाल उचलली. 'मॉन्सून' याच हवेत जन्माला आले. त्यांचा 'थर्ड आय' हा एकमेव अल्बम सतार आणि तबला बाजूला काढून ऐकला, तरी तो त्या दोन-तीन वर्षांचाच वाटतो, आणि बिल नेल्सनसारखा त्याच वर्तुळातला गिटारवादक त्यात पाहुणा म्हणून वाजवतो.

मात्र 'एव्हर सो लोनली' बारकाईने ऐकल्यास एक वेगळी गोष्ट कानावर येते. पाश्चात्त्य पॉप गाण्यात खाली कॉर्ड बदलत जातात आणि त्या बदलांतून गाण्याला गती मिळते. येथे मात्र खालचा आधार जागचा हलत नाही आणि सगळी हालचाल वरच्या चालीत होते. याच त्रिकुटाने बीटल्सच्या १९६६ सालच्या 'टुमॉरो नेव्हर नोज'चेही गायन केले. मूळ गाणे जवळजवळ एकाच कॉर्डवर आणि तंबोऱ्याच्या गुंजनावर उभे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ती निवड सहज सुचलेली नसावी असे वाटते. एका स्वरावर थांबून राहण्याची ही ओढ सुरुवातीपासूनच होती. फक्त तेव्हा तिच्याभोवती ड्रम, सिंथेसायझर आणि बाजाराच्या अपेक्षा यांची गर्दी होती.

'शक्ती' हे पुढचे गाणे पहिल्या चाळिसातही पोचले नाही. कंपनीशी मतभेद झाले, १९८२ मध्येच त्रिकुट फुटले आणि 'थर्ड आय' बाजारात आला तो १९८३ मध्ये, म्हणजे गट संपल्यावर. अशा वेळी सतरा-अठरा वर्षांच्या गायिकेला दुसऱ्या कंपनीने उचलून नृत्यगीते गायला लावावीत, हा त्या काळचा शिरस्ता होता. ती मात्र 'इंडिपॉप'कडे परतली आणि १९८४-८५ या दोन वर्षांत तिने चार अल्बम काढले : 'आउट ऑन माय ओन', 'क्वाएट', 'द स्ट्रगल' आणि 'नादब्रह्म'. यांपैकी 'क्वाएट' मला सर्वांत धाडसी वाटतो. त्यात गाण्यांना नावे नाहीत, केवळ क्रमांक आहेत; शब्दांना जवळजवळ रजा दिलेली आहे, आणि एकाच आवाजाचे अनेक थर एकमेकांवर रचून त्यांचेच वाद्य केलेले आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीने केलेले हे काम आहे.

त्यानंतर पाच वर्षांची शांतता. या मध्यंतरात एक घटना घडली, जिचा तिच्याशी थेट संबंध नव्हता, पण जिने तिचे पुढचे भवितव्य बरेचसे ठरवले. १९८७ च्या उन्हाळ्यात लंडनमधल्या 'एम्प्रेस ऑफ रशिया' नावाच्या पबमध्ये काही छोट्या लेबलांचे चालक जमले आणि दुकानांत कोठे ठेवावे हे न कळणाऱ्या तबकड्यांसाठी त्यांनी 'वर्ल्ड म्युझिक' ही पाटी मुक्रर केली. हेतू व्यवहारी आणि चांगलाच होता. पण लंडनमध्ये जन्मलेल्या, लंडनमध्येच वाढलेल्या आणि ब्रिटिश पॉपच्या यादीतून पुढे आलेल्या गायिकेचा खण या पाटीमुळे बदलला. १९९० च्या 'रूट्स अँड विंग्ज'मध्ये ती स्कॉटिश विलापिका गात होती. दुकानदाराच्या लेखी मात्र ती 'परदेशातून आलेली' झाली.

ब्रिटिश गायक पीटर गॅब्रिएल यांच्या 'रिअल वर्ल्ड' या लेबलवर आलेले तीन अल्बम हा तिच्या कारकिर्दीचा कळस. १९९२ चा 'वीव्हिंग माय अँसेस्टर्स व्हॉइसेस', १९९४ चा 'द झेन किस' आणि १९९६ चा 'अबोनक्रोनड्रोन'. पहिल्या दोहोंत केवळ आवाज आणि त्याखाली धरलेला सूर, एवढाच ऐवज आहे. या सुरावर ती आयर्लंडचे जुने विरहगीत आणि भारतीय आलाप एका श्वासात जोडते, इंग्लंडच्या खलाशाचे लोकगीत गाते, भजनही गाते, आणि कोठेही सांधा दिसत नाही. सांधा दिसत नाही याचे कारण असे की, या सगळ्या परंपरांत धरलेला सूर आधीपासून होताच : तिकडे बॅगपाइपचा, इकडे तंबोऱ्याचा. तिने दोन गोष्टी एकत्र आणल्या असे म्हणण्यापेक्षा दोहोंतले समान तेवढे ठेवून बाकीचे काढून टाकले, असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते. 'स्पीकिंग इन टंग्ज' या मालिकेतले चार तुकडे तर कोन्नकोलचे आहेत, म्हणजे कर्नाटक संगीतात मृदंगाचे बोल तोंडाने म्हणण्याची जी कला आहे, तिचे. आपल्याकडच्या तबल्याच्या पढंतीची सवय असलेला कान ते ऐकताना नकळत सम शोधू लागतो.

तिसऱ्या अल्बममध्ये तिने गाणेही काढून टाकले. 'अबोनक्रोनड्रोन'मध्ये सहा भाग आहेत आणि सहाही भागांत मुख्यतः गुंजनच आहे. आवाज येतो तो पाण्याखालून आल्यासारखा. धरलेल्या सुराच्या पोटात जे उपस्वर आपोआप उमटतात तेच ऐकण्याचे काम तिने श्रोत्यावर सोपवले आहे. ज्या गायिकेची ओळख गळ्यामुळे झाली तिने गळाच मागे घ्यावा, याला माझ्या लेखी फार मोठी हिंमत लागते.

पुढे २००२ मध्ये दोन गमतीशीर गोष्टी घडल्या. 'जकाट्टा' या नावाने नृत्यसंगीत करणाऱ्या डेव्ह ली यांनी जुन्या गाण्याचा तुकडा वापरून 'सो लोनली' काढले आणि ते ब्रिटनच्या यादीत आठव्या क्रमांकावर गेले, म्हणजे मूळ गाण्यापेक्षाही वर. त्याच वर्षी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मालिकेतल्या 'द टू टॉवर्स' या चित्रपटात हॉवर्ड शोर यांच्या संगीतात तिचा आवाज ऐकू आला. अब्जावधींचा धंदा करणाऱ्या या चित्रपटमालिकेच्या प्रेक्षकांपैकी कितीजणांनी श्रेयनामावलीत तिचे नाव वाचले असेल, हा प्रश्न मी मोकळाच ठेवतो. २००७ मध्ये 'द इमॅजिन्ड व्हिलेज' या इंग्लिश लोकगीतांच्या सामूहिक प्रकल्पात ती गायली. त्यानंतर २०१० च्या आसपास तिला तोंडाची आग होण्याचा एक दुर्धर विकार जडला, ज्यात गाणेच नव्हे तर बोलणेही वेदनादायक होते, आणि गायन कायमचे थांबले. त्याच सुमारास तिने घरातला पसारा आवरण्याविषयी पुस्तक लिहिले. तिची सांगीतिक वाटचाल पाहिलेल्या माणसाला या विषयाचे मुळीच आश्चर्य वाटत नाही.

प्रतिसाद : कॅसेटवेडा

लेख आवडला. एक जोड द्यावीशी वाटते. नाझिया हसन हिचा जन्म ३ एप्रिल १९६५ चा, म्हणजे शीला चंद्रा हिच्यापेक्षा ती जेमतेम तीन आठवड्यांनी लहान. दोघीही शाळकरी वयात लंडनमध्ये होत्या आणि दोघींच्याही मागे संगीतकार-निर्माता म्हणून एक चतुर माणूस उभा होता. बिड्डू यांनी १९८० मध्ये 'कुर्बानी'साठी 'आप जैसा कोई' नाझियाकडून गाऊन घेतले आणि 'डिस्को दीवाने' १९८१ मध्ये आला. माझ्या वडिलांच्या दुकानात त्या कॅसेटने दोन वर्षे दुसरे काही वाजू दिले नाही. 'मॉन्सून'ची कॅसेट मात्र मी १९९५ पर्यंत डोळ्यांनीही पाहिली नव्हती. एक मुलगी लंडनच्या तंत्राने मुंबईकडे तोंड करून गायली, दुसरी भारतीय चालीने लंडनकडे तोंड करून गायली. आपण पहिलीला डोक्यावर घेतले, कारण ती आपल्याशी आपल्या भाषेत बोलत होती. त्यामुळे शीला चंद्रा आपल्याकडे दुर्लक्षित राहिली याचे मोठे कारण भाषा हेच असावे, त्यासाठी 'वर्ल्ड म्युझिक'च्या पाटीपर्यंत जायची आवश्यकता नाही.

प्रतिसाद : शंकेखोर

लेखकाचा अभ्यास दांडगा आहे हे मान्य करून दोन शंका मांडतो.

पहिली शंका अशी की, 'मॉन्सून'च्या काळातले बरेचसे प्रकरण मला पूर्वेच्या गूढतेची विक्री वाटते. गाण्याचे नाव 'शक्ती', अल्बमचे नाव 'तिसरा डोळा', पडद्यावर भारतीय पेहरावातली कोवळी मुलगी, आणि गाणे लिहिणारा इंग्रज. यात त्या मुलीचे स्वतःचे किती होते?

दुसरी शंका 'दुर्लक्षित' या शब्दाविषयी आहे. ज्या गायिकेचे गाणे बाराव्या क्रमांकावर गेले, जिला पीटर गॅब्रिएल यांच्या लेबलने तीन अल्बम करू दिले आणि जिचा आवाज जगभर गाजलेल्या चित्रपटात घेतला गेला, ती दुर्लक्षित कशी? सहा तुकड्यांचे निव्वळ गुंजन प्रसिद्ध करून लोकप्रियतेची अपेक्षा कोणीच करू नये, आणि तिनेही ती केली नसावी. अल्प श्रोते असणे आणि उपेक्षा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

प्रतिसाद : खर्ज

@कॅसेटवेडा : नाझियाशी तुलना मला सुचली नव्हती, ती चपखल आहे. भाषेचा मुद्दा भारतापुरता पूर्णपणे मान्य. मी पाटीचा मुद्दा ब्रिटनपुरता मांडला होता, तेवढे लेखात स्पष्ट करायला हवे होते.

@शंकेखोर : पहिल्या शंकेत तथ्य आहे आणि मी ते झाकणार नाही. 'मॉन्सून'मध्ये चाल आणि कल्पना प्रामुख्याने को यांच्या होत्या, आणि वेष्टन काही अंशी बाजारू होते. परंतु पूर्वेच्या गूढतेवर जगायचेच असते, तर १९८२ नंतर सतार आणि चंदनाचा धूर वाढवत नेणे अधिक किफायतशीर ठरले असते. तिने नेमके उलट केले. दहा वर्षांनी 'एव्हर सो लोनली' तिने पुन्हा गायले, तेव्हा त्यात ना ड्रम होते ना सतार. आवाज आणि सूर, बस्स. स्वतःच्याच गाजलेल्या गाण्याचे सगळे दागिने उतरवून ते गाणे पुन्हा श्रोत्यांपुढे ठेवणे हे तुमच्या प्रश्नाला दिलेले उत्तरच आहे, असे मी मानतो.

दुसऱ्या शंकेबाबत : श्रोत्यांची संख्या हा माझा निकष नव्हता. १९९७-९८ मध्ये 'कॉर्नरशॉप' या ब्रिटिश बँडचे आशा भोसले यांना वाहिलेले गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, १९९९ मध्ये तबलावादक तल्विन सिंग यांना ब्रिटनमधले मर्क्युरी हे संगीत पारितोषिक मिळाले, आणि त्या पिढीचे कौतुक करणारे बरेचसे लेखन असे वाचायला मिळते की, जणू ब्रिटिश-आशियाई संगीताचा आरंभ १९९० नंतरच झाला. पंधरा वर्षे आधी चालून गेलेल्या मुलीचा उल्लेख ओझरता येतो. माझी तक्रार तेवढीच आहे.

प्रतिसाद : टेम्सकाठी

मी १९७९ पासून पश्चिम लंडनमध्ये राहतो, म्हणून त्या वेळची हवा सांगू शकतो. जुलै १९८१ मध्ये साउथॉलमध्ये टक्कल केलेल्या वंशद्वेषी टोळक्यांच्या आवडत्या बँडांचा कार्यक्रम एका गुत्त्यात ठेवला गेला, स्थानिक आशियाई तरुण रस्त्यावर उतरले आणि 'हॅम्ब्रो टॅव्हर्न' हा तो गुत्ता त्या रात्री जळाला. आम्ही तेव्हा दिवेलागणीनंतर आगगाडीचा प्रवास टाळत असू. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते तोच बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या गाण्यांच्या कार्यक्रमात आपल्या रंगाची एक मुलगी, कोणाची टिंगल म्हणून नव्हे, तर गाणे गाण्यासाठी उभी राहिली. गाणे इंग्रजाने लिहिले होते की भारतीयाने, हा विचार आमच्या घरात कोणाच्याही मनात आला नाही. सौभाग्यवतींनी इस्त्री तशीच टाकून ते गाणे पाहिले आणि साडीचा एक काठ कायमचा पिवळा पडला. ती साडी अजून आहे.

शंकेखोर यांचा मुद्दा आज बसून विचार करणाऱ्याला योग्यच वाटेल. तेव्हा मात्र ते गाणे आम्हाला विकले जात आहे असे वाटले नव्हते.

प्रतिसाद : जवारी

मी मिरजेचा आहे आणि घरात तंतुवाद्यांचेच काम चालते, त्यामुळे 'अबोनक्रोनड्रोन'विषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार स्वतःकडे घेतो.

धरलेल्या सुराच्या पोटात उपस्वर असतात असे मूळ लेखात म्हटले आहे. ते कसे घडते ते सांगतो. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसली तरी तिला किंचित उतार दिलेला असतो, आणि तार छेडली की ती त्या उतारावर घासत थरथरते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून ती नेमकी कोठे टेकावी हे ठरवतात. दोरा केसभर इकडेतिकडे झाला की सूर एकदम मिटतो किंवा एकदम उमलतो. यालाच जवारी लावणे म्हणतात, आणि ते काम डोळ्यांनी होत नाही. पंढरपूरकडचा भोपळा कितीही उत्तम मिळाला, तरी जवारी जमली नाही तर तंबोरा मुकाच राहतो.

जवारी जमली की खर्जाच्या, म्हणजे खालच्या 'सा'च्या, तारेतून, कोणीही न छेडता, गंधार (म्हणजे 'ग') ऐकू येऊ लागतो. त्याला आमच्याकडे स्वयंभू गंधार म्हणतात. शास्त्राच्या भाषेत तो पाचवा उपस्वर, म्हणजे मूळ कंपनसंख्येच्या पाचपट. थोरल्या गवयांना तो ऐकू येईपर्यंत ते तोंड उघडत नसत असे आमचे आजोबा सांगत.

या धाग्यामुळे मी तो अल्बम काल रात्री प्रथमच ऐकला. त्यातल्या गुंजनाचे थर नेमके कशाकशाचे आहेत ते कानांनी सुटे करणे कठीण आहे, परंतु जो परिणाम साधला आहे तो जवारीचाच आहे. सुमारे दोन मिनिटांनी वरचे स्वर हलू लागतात आणि आपल्याला वाटते की कोणीतरी गाते आहे. मग खरोखरच गाणारा आवाज येतो, आणि आधीचा आवाज कोणता आणि हा कोणता हे कळेनासे होते. आमच्या धंद्यात गाणे सुरू होण्यापूर्वीची जी दहा मिनिटे असतात, त्यांचाच या बाईंनी अल्बम केला आहे. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र यातले काहीही ऐकू येणार नाही, कारण त्यात खर्जच उतरत नाही. चांगले हेडफोन लावावेत.

प्रतिसाद : नवशिकी

मी यातले काहीच ऐकलेले नाही. कोठून सुरुवात करावी? गाणी कमी आणि गुंजन जास्त असे सुरुवातीलाच समोर आले तर मी पळून जाईन, हे प्रांजळपणे सांगते.

प्रतिसाद : खर्ज

@जवारी : स्वयंभू गंधाराचा उल्लेख मूळ लेखात यायला हवा होता, आपण तो माझ्यापेक्षा कितीतरी नेमका आणला आहे.

@नवशिकी : १९८२ चे 'एव्हर सो लोनली' ऐकावे आणि लगेच 'वीव्हिंग माय अँसेस्टर्स व्हॉइसेस'मधले त्याचे दुसरे रूप ऐकावे, ज्यात ते इतर दोन रचनांना जोडून येते. दोहोंतला फरक आवडला तर तोच अल्बम पहिल्यापासून ऐकावा. फरक कंटाळवाणा वाटला तर पहिल्या गाण्यावरच थांबावे, त्यात कमीपणा नाही. 'स्पीकिंग इन टंग्ज' मात्र कोणालाही, अगदी लहान मुलांनाही ऐकवावे. माझ्या भाचीने ते ऐकून जेवणाच्या ताटावर चमच्याने तीन दिवस उच्छाद मांडला होता. 'अबोनक्रोनड्रोन' सर्वांत शेवटी.

प्रतिसाद : शंकेखोर

'दुर्लक्षित' या शब्दावरचा माझा आक्षेप कायम आहे. तरीही जवारी यांचा प्रतिसाद वाचून काल संध्याकाळी 'अबोनक्रोनड्रोन' मोठ्या स्पीकरवर लावला. तिसऱ्या भागापर्यंत मी तग धरला. आईने गंधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेल्या आहेत. ती स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. वीस मिनिटे काहीच बोलली नाही. मग हातातली जुडी तशीच घेऊन बाहेर आली, थोडा वेळ दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "बंद नको करूस. गंधार आत्ता कुठे बोलायला लागलाय."